आत्मघाती हल्लेखोर समजून पोलिसांनी भलत्यालाच गोळी घातली तर? (लंडन २००५ आणि आपण)

गोदाकाठचा (नांदेड)

मंडळी, मागं आमच्या इथं रेल्वे स्टेशनवर मॉक ड्रिल झालं. एका पोराला फुगलेलं जॅकेट घालून प्लॅटफॉर्मवर सोडलं होतं, क्यूआरटीवाले (शीघ्र कृती दल) धावत आले, घेरलं, पोरगं आडवं झालं, मग बीडीडीएसवाले (बॉम्बशोधक पथक) कुत्रं घेऊन आले आणि थोड्या वेळात सगळं आटपलं. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या, पोरगं उठलं, पँट झटकली अन चहाच्या गाड्यावर गेलं. मी पण मोबाईलवर शूट केलं, खोटं कशाला बोलू. पण त्या पोराच्या अंगावर जॅकेट आहे हे तिथल्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं ना. खरी वेळ येईल तेव्हा नेमकं तेवढंच माहीत नसणार.

म्हणून लंडनचं प्रकरण पुन्हा वाचून काढलं. ७ जुलै २००५ ला तिथं मेट्रोत आणि बसमध्ये चार आत्मघाती स्फोट झाले, ५२ माणसं गेली. २१ जुलैला पुन्हा तसाच प्रयत्न झाला पण बॉम्ब फुटले नाहीत, हल्लेखोर पळाले. दुसऱ्या दिवशी २२ ला सकाळी स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी जाँ चार्ल्स द मेनेझिस नावाच्या २७ वर्षांच्या ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला डब्यात गाठून डोक्यात सात गोळ्या घातल्या, एक खांद्यात. त्याचा कशाशीच काही संबंध नव्हता, बिचारा कामावर निघालेला.

चर्चा यावर करू की संशयित मानवी बॉम्ब समोर असेल तर पोलिसांनी नेमकं काय करावं, आणि चूक झाली तर पुढं काय. राजकारण नको.

सरळसोट (बीड)

राजकारण नको म्हणता आणि विषय असला काढता 😀 माझं सरळ मत, डाऊट आला की ठोका. २१ मे १९९१ आठवा, श्रीपेरुम्बुदूर. त्या बाईला एका लेडी पोलीस अधिकाऱ्यानं अडवलं होतं, राजीव गांधीच म्हणले येऊ द्या सगळ्यांना, ती हार घालून वाकली अन खेळ खलास. पोलिसानं तिथं शंभर टक्के खात्री व्हायची वाट बघायची का? एक निष्पाप गेला हे वाईटच पण डब्यात खरंच बॉम्ब असता तर पन्नास गेले असते, हा हिशोब कुणीतरी करायलाच लागतो. एसीत बसून मानवाधिकार बोलायला काय जातंय.

खाकीतून_निवृत्त (परभणी)

एसी नाही हो दादा आमच्याकडं, कूलर हाय आन त्यात बी पाणी नाही.

मी काही कमांडो नव्हतो, साधी नोकरी केली, बंदोबस्तात आयुष्य गेलं. तरी थोडं सांगतो कारण लोकं सिनेमा बघून बोलायलेत. साधा हत्यारबंद गुन्हेगार असला तर शरीराच्या मधोमध नेम धरायचा, कारण तेच सगळ्यात मोठं निशाण. पायावर मारा म्हणणाऱ्यांनी पळणाऱ्या माणसाच्या पायावर एकदा नेम धरून बघावं. पण अंगाला बेल्ट बांधलेला असला तर हेच उलटतं. छातीत मारली तर गोळीनं स्फोटकच उडायची भीती, आणि नाही उडालं तरी माणूस जागच्या जागी मरत नाही, बटन दाबायला एक सेकंद बास होतो. म्हणून डोकं, म्हणजे मेंदूचं नियंत्रण तिथल्या तिथं संपलं पाहिजे. "थांब, हात वर कर" ओरडलं तर त्याला सावध केल्यासारखं होतं म्हणून ते पण ओरडायचं नाही. लंडनच्या पोलिसांनी याचं धोरण बनवलं होतं, ऑपरेशन क्रेटॉस नाव त्याचं, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर इस्रायल, श्रीलंका इथल्या अनुभवावरून केलेलं.

आता यातली गोम बघा. इशारा नाही, पायावर नाही, अटकेचा प्रयत्न नाही, म्हणजे चूक सुधारायच्या जेवढ्या जागा असतात तेवढ्या सगळ्या आपणच बंद करून टाकल्या. मग उरलं काय, तर हा माणूस तोच आहे का एवढं एकच. ते चुकलं की सगळं चुकलं. आणि ते ठरवणारा माणूस गोळी मारणारा नसतोच, त्याला वायरलेसवर सांगितलेलं असतं.

लंडनमधला_औरंगाबादी

काकांनी बरोब्बर बोट ठेवलं. मी इथं बरीच वर्षं आहे, स्टॉकवेलवरून जाणं होतं अधूनमधून, स्टेशनबाहेर त्याचं मोझॅकचं स्मारक आहे २०१० पासून, फुलं असतात कधी कधी. त्या दिवशीचा क्रम सांगतो कारण लोक फक्त शेवटचा मिनिट बोलतात.

न फुटलेल्या बॉम्बच्या बॅगेत जिमचं कार्ड सापडलं, त्यावरून हुसेन उस्मान नावाच्या संशयिताचा पत्ता मिळाला, स्कोशिया रोडवरची एक बिल्डिंग. मेनेझिस त्याच बिल्डिंगमध्ये वेगळ्या फ्लॅटमध्ये राहायचा पण बाहेरचं दार दोघांचं एकच. पहाटे पाचच्या आतच वरून प्लॅन ठरला होता की या दारातून जो कुणी बाहेर पडेल त्याला थोडं लांब जाऊ द्यायचं आणि मग बस स्टॉपच्या आधीच थांबवून चौकशी करायची. चांगला प्लॅन होता. पण थांबवायला हत्यारबंद टीम लागते ना, ती वेळेत पोचलीच नाही. ९:३३ ला मेनेझिस बाहेर पडला. व्हॅनमधून कॅमेरा धरून बसलेला माणूस नेमका त्या वेळी लघवीला बसलेला, त्यामुळे शूटिंग नाही. "बघण्यासारखा आहे" एवढंच काय ते तो बोलला. मग हा गेला बसमध्ये, ब्रिक्स्टनला उतरला, तिथलं स्टेशन बंद होतं म्हणून परत त्याच बसमध्ये चढला. आपण पण हेच केलं असतं की नाही? पण मागावरच्या लोकांना वाटलं की हा पाठलाग चुकवायलाय. स्टॉकवेलला उतरून त्यानं फुकटचा पेपर उचलला, कार्ड टेकवून आत गेला, गाडी लागलेली दिसली म्हणून शेवटी थोडा पळाला. हत्यारबंद टीम त्याच्या मागून जिना उतरली. तेव्हा १० वाजून ५-६ मिनिटं झाली होती.

डब्यात साध्या कपड्यातल्या एका पोलिसानं त्याला दोन्ही हातांनी आवळून सीटवर दाबून धरलं होतं, तशात गोळ्या मारल्या. त्या पोलिसालाच मग दुसऱ्यांनी ओढून बाहेर काढलं आणि त्याच्यावर बंदूक रोखली, कारण तो पण कोण आहे हे त्यांना माहीत नव्हतं. गाडीचा ड्रायव्हर घाबरून बोगद्यात पळाला तर त्याच्यावरही बंदूक रोखली. सांगायचं काय, तर त्या क्षणी तिथं कुणालाच कुणी ओळखत नव्हतं.

आणि हो, उस्मान इथिओपियात जन्मलेला. हा ब्राझीलचा.

धाराशिवचा_पाव्हणा

लघवीला गेला म्हणून माणूस मेला, असं आपल्याकडं झालं असतं तर दहा वर्षं जोक चालले असते राव.

शेख_सर (जालना)

मी या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार करत होतो. लिहितोच.

सरळसोट दादा, "डाऊट आला की ठोका" हे ऐकायला सोपं वाटतं कारण डाऊट आपल्यावर येणार नाही याची तुम्हाला खात्री आहे. माझा भाचा पुण्यात शिकतो. दाढी आहे, पाठीवर लॅपटॉपची बॅग, कानात सदा न कदा हेडफोन, आणि स्टेशनवर गाडी सुटायला लागली की पळतो, जसा सगळाच महाराष्ट्र पळतो. मागून कुणी साध्या कपड्यातला माणूस ओरडत आला तर तो थांबेल का? मी पण नाही थांबणार, चोर समजून अजून जोरात पळेन.

बरं चेहऱ्यावरून, कपड्यावरून ओळखू येतं म्हणावं तर इतिहास काय सांगतो? राजीव गांधींना मारणारी धनू ही हार घेऊन आलेली एक साधी दिसणारी पोरगी होती. ३१ ऑगस्ट १९९५ ला चंदीगडला मुख्यमंत्री बेअंतसिंगांना उडवणारा मानवी बॉम्ब पंजाब पोलिसातलाच शिपाई होता, अंगावर वर्दी घालून आलेला. कुठल्या प्रोफाइलमध्ये बसतात हे दोघं?

सरळसोट (बीड)

सर मी कुणाच्या जातीधर्माचं बोललोच नाही, उगं तिकडं नेऊ नका. माझा मुद्दा टायमिंगचा होता.

शेख_सर (जालना)

तुम्ही नाही नेलं, मान्य. पण डाऊट हवेतून येत नाही एवढंच म्हणायलोय. २०१२ ला हिमायतबागेत एटीएसचा गोळीबार झाला तेव्हा आम्ही संभाजीनगरलाच होतो, पुढं महिनाभर तरी आमच्या गल्लीतली पोरं संध्याकाळी बाहेर पडताना आयाच दारात उभ्या राहून कुठं चाललास विचारायच्या.

चालक (धागा व्यवस्थापन)

विषय पोलिसी बळाचा वापर हा आहे, समाजांवर घसरू नका. आत्तापर्यंत बरं चाललंय, तसंच चालू द्या.

ॲडव्होकेट_ताई (लातूर)

उशिरा येऊलाले, तारखा होत्या. कायद्याचं सांगते, लांबेल पण वाचा, कारण इथं इंग्लंड आणि आपल्यात एक मोठा फरक आहे.

इंग्लंडच्या कायद्यात स्वसंरक्षणासाठी बळ वापरलं आणि समज चुकीची निघाली तरी ती प्रामाणिक होती का हे बघतात. म्हणजे "मला खरंच वाटलं याच्याकडं बॉम्ब आहे" हे ज्युरीला पटलं तर तो सुटला. त्यामुळे २००६ ला तिथल्या सरकारी वकिलांनी एकाही पोलिसावर वैयक्तिक केस केली नाही. केस झाली ती अख्ख्या लंडन पोलीस दलावर, तीही १९७४ च्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या कायद्याखाली. हो, कारखान्यात मशीनला गार्ड नसलं तर लागतो तोच. १ नोव्हेंबर २००७ ला दोषी ठरले, १,७५,००० पौंड दंड, वर खर्चाचे ३,८५,०००. घरचे युरोपच्या मानवाधिकार कोर्टात गेले, तिथंही २०१६ ला १३ विरुद्ध ४ नं इंग्लंडच्या बाजूनं निकाल लागला.

आपल्याकडं दोन गोष्टी आहेत. एक तर अटक करताना लागेल तेवढं बळ वापरता येतं, पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही त्या गुन्ह्यातल्या माणसाचा जीव घ्यायचा अधिकार त्यातून मिळत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ४६, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) ४३. दुसरं खाजगी संरक्षणाचा हक्क, जुन्या दंड संहितेची (आयपीसी) कलमं ९६ ते १०६, आता नव्या न्याय संहितेची (बीएनएस) ३४ ते ४४. पोलिसाला पण तोच आणि तुम्हाआम्हाला पण तोच, पोलिसाला वेगळा मोठा हक्क नाही. आणि चुकीच्या समजुतीचा बचाव घ्यायचा तर ती समजूत सद्‌भावनेची पाहिजे, आणि आपला कायदा सद्‌भावना म्हणजे योग्य काळजी आणि लक्ष देऊन केलेलं असंच धरतो. नुसतं "मला वाटलं" चालत नाही, वाटण्याआधी तपासलं काय ते सांगावं लागतं. माझ्या मते आपला कायदा इथं इंग्लंडपेक्षा कडक आहे. वापरतो कोण हा भाग वेगळा.

वापरला गेल्याचं उदाहरण पण आहे. ३१ मार्च १९९७, दिल्ली, कॅनॉट प्लेस. क्राइम ब्रँचचे लोक एका गँगस्टरच्या मागावर होते, भलतीच गाडी गाठली आणि भर रस्त्यात गोळ्या घालून दोन व्यापारी मारले. वर आधी त्यांनीच फायर केलं अशी गोष्ट रचली, गाडीत पिस्तूल ठेवलं. २००७ ला एसीपीसकट दहा जणांना जन्मठेप झाली, २०११ ला सुप्रीम कोर्टानं कायम केली. साहेबांनी सांगितलं म्हणून मारलं हे पण ऐकून घेतलं नाही.

सरळसोट (बीड)

ताई त्यात पिस्तूल पेरलं म्हणून अडकले ना, गोळीसाठी नाही. खरं बोलले असते तर?

ॲडव्होकेट_ताई (लातूर)

गोळीसाठीच अडकले, खून म्हणूनच जन्मठेप. पण प्रश्न चांगलाय. खोटं बोलल्यामुळं सद्‌भावनेचा जो काही बचाव शिल्लक होता तो स्वतःच्या हातानं घालवला. ज्याची खरंच चूक झाली तो पिस्तूल पेरत नाही.

लंडनमधला_औरंगाबादी

खोटं बोलण्यावरून, इकडं पण कमी नव्हतं. त्याच दुपारी पोलीस आयुक्त इयन ब्लेअर म्हणाले की त्याला थांबायला सांगितलं होतं आणि त्यानं ऐकलं नाही. मग पेपरात आलं की उन्हाळ्यात जाड कोट घातलेला, गेटवरून उडी मारली. कोट नव्हताच, साधं डेनिम जॅकेट. उडी पण नाही, कार्ड टेकवून गेला होता. २००८ च्या इन्क्वेस्टमध्ये (मृत्यू कसा झाला याची कोर्टातली चौकशी) ज्युरीला एकेक प्रश्न विचारला, "सशस्त्र पोलीस" असं ओरडले का, उत्तर नाही. तो पोलिसाच्या अंगावर चालून आला का, नाही. बेकायदा हत्या असा निर्णय द्यायचा पर्याय कोरोनरनं (ती चौकशी चालवणारा अधिकारी) ज्युरीला दिलाच नव्हता, तर त्यांनी कायदेशीर पण म्हटलं नाही, खुला निर्णय दिला, म्हणजे दोन्हीपैकी काहीच ठरवलं नाही. आणि ऑपरेशनच्या प्रमुख क्रेसिडा डिक २०१७ ला लंडनच्या पोलीस आयुक्त झाल्या, पहिल्या महिला. २००७ च्या ज्युरीनं त्यांचा वैयक्तिक दोष नाही असं मुद्दाम सांगितलं होतं हेही खरं.

गोदाकाठचा (नांदेड)

मला आता एक उमगायला लागलंय. आपण सगळे त्या गोळीच्या दोन सेकंदावर भांडायलोत. त्या दोन सेकंदात सरळसोट म्हणतो ते बरोबर असेल, त्या पोलिसाच्या जागी मी असतो तर मी पण दाबला असता घोडा. पण त्याआधीचे चार-पाच तास कुणाचे होते? टीम का नाही आली, फोटो नीट का नव्हता, बसमध्ये चढायच्या आत का नाही अडवलं, आणि जर खरंच बॉम्बवाला वाटत होता तर त्याला बसमध्ये बसू कसं दिलं? दोन वेळा! याचं उत्तर मला अजून कुठं सापडलं नाही.

ॲडव्होकेट_ताई (लातूर)

तुमचा हाच मुद्दा १९९५ ला युरोपच्या कोर्टानं मांडला होता. १९८८ ला जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश कमांडोंनी आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या तिघांना भर रस्त्यात मारलं, गाडीत बॉम्ब आहे आणि खिशातल्या बटनानं उडवतील असं समजून. तिघांकडं काहीच नव्हतं. स्फोटकं होती, पण नंतर स्पेनमध्ये दुसऱ्या गाडीत सापडली. कोर्ट म्हणलं की सैनिकांचा समज प्रामाणिक होता, त्यांचा दोष नाही, पण त्यांना सीमेवरच का अडवलं नाही, खात्री नसलेली माहिती पक्की म्हणून सैनिकांना का दिली. १० विरुद्ध ९, एका मतानं ब्रिटन दोषी.

धाराशिवचा_पाव्हणा

म्हणजे पकडायचं कसं ते सांगा की कुणीतरी. नुसतं मारायचं का नाही एवढ्यावरच गाडी अडकली.

खाकीतून_निवृत्त (परभणी)

अंतर. दुसरं काही नाही. २००४ ला इस्रायलच्या हवारा चौकीवर एक पोरगं आलं, मिसरूड पण धड फुटलं नसंल, शर्टाखाली स्फोटकांचा बेल्ट. सैनिकांनी लांबूनच ओळखलं, आडोशाला गेले, लोकं हटवले, त्याला हात वर करून उभं केलं आणि रोबोटवरून कात्री पाठवली. त्यानं स्वतःच पट्टा कापला. जिवंत पकडला. हे जमलं कारण मधी मोकळी जागा होती. लोकलच्या डब्यात, मोंढ्यात, यात्रेत ती जागा कुठून आणणार? म्हणून जे करायचं ते गर्दीच्या आधी.

अन लंडनच्याच २१ जुलैवाल्यांचं बघा. एकाला बर्मिंगहॅममध्ये टेझर (विजेचा झटका देणारी बंदूक) मारून पकडला, त्यावर आयुक्तच म्हणले टेझरच्या करंटनं बॉम्ब उडाला असता तर? दोघांना फ्लॅटमधून कपडे काढून नुसत्या चड्डीवर बाहेर यायला लावलं, म्हणजे अंगाला काही बांधलेलं नाही हे दिसतं. आणि तो उस्मान, ज्याच्या नावावर मेनेझिस मेला, तो रोममध्ये जिवंत सापडला. २००७ ला त्याला अन त्याच्या साथीदारांना जन्मठेप झाली. जिवंत माणूस बोलतो, बाकीचे कोण ते सांगतो. कसाब जिवंत नसता तर २६/११ चं किती कळलं असतं आपल्याला? तुकाराम ओंबळेंनी हातात नुसती लाठी असताना रायफलची नळी धरली म्हणून.

आता आमच्या शिपायांचं सांगतो, रागवू नका. वर्षातून एकदा फायरिंग रेंज, ठरलेली मोजकी काडतुसं, कागदी निशाण, उभं राहून मारायचं, संपलं. त्या पोराला गर्दीत डोक्याचा नेम धर म्हणणं म्हणजे विहिरीत ढकलून पोहायला शीक म्हणण्यासारखं हाय. ड्रिलमधी पण गोळी कशी मारायची तेवढंच शिकवतात, गोळी मारायची नाही हे कधी शिकवत नाहीत. एकदा तरी तीन पोरं सोडा प्लॅटफॉर्मवर, तिघंही निरपराध, त्यातलं एक बहिरं, एक दारू पिऊन, बघू किती जण हात आवरतात.

सरळसोट (बीड)

काका हे पटलं. पण माझं म्हणणं तसंच हाय. २०१७ ला लंडन ब्रिजवर तिघांनी चाकूनं लोकं मारली, अंगाला खोटे बेल्ट बांधलेले. पोलिसांनी पहिल्या फोनपासून आठ मिनिटांत तिघांना उडवलं. बेल्ट खोटे निघाले म्हणून कुणी रडलं का? २०१९ ला पण तेच, खोटा बेल्ट, पोलिसानं मारला, बरोबर मारला.

शेख_सर (जालना)

त्यांच्या हातात चाकू होते आणि रस्त्यावर माणसं पडलेली. तिथं डाऊट नव्हताच दादा, तिथं कोण काय करतंय ते दिसत होतं. मी पण म्हणेन बरोबर. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूनं चाललंय.

सरळसोट (बीड)

तुमच्या बाजूनं कसं, बेल्ट खरा का खोटा हे तिथं पण माहीत नव्हतं. असो. ताई, आपल्याकडं उद्या असं झालं तर नेमकं पुढं काय होतं? का फाइल बंद?

ॲडव्होकेट_ताई (लातूर)

कागदावर बरंच काही. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ एन्काउंटर आणि १३५ च्या आसपास मृत्यूंवरून पीयूसीएल या मानवाधिकार संघटनेनं याचिका लावली होती, त्यात २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नियम घालून दिले. एफआयआर नोंदवायचाच, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या टीमनं करायचा, मॅजिस्ट्रेट चौकशी करायचीच, संबंधितांनी हत्यारं तपासणीला जमा करायची, आणि लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. मेलेला अतिरेकी होता का गरीब इलेक्ट्रिशियन, नियम तेच. अडचण अशी की एन्काउंटर झालं की गावात पेढे वाटतात, फ्लेक्स लागतात, आणि मॅजिस्ट्रेटपुढं जबाब द्यायला साक्षीदार म्हणून कुणी येत नाही. स्टेशनवर शंभर जणांनी मोबाईलवर शूट केलेलं असतं, पण कोर्टात एक जण फोन जमा करत नाही.

धाराशिवचा_पाव्हणा

फोन जमा केला तर परत कधी मिळणार ताई, हप्ते चालू असतात त्याचे. ते जाऊ द्या, चौकशीचा अहवाल आपल्यासारख्याला बघायला मिळतो का?

ॲडव्होकेट_ताई (लातूर)

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, ज्या कार्यालयात चौकशी झाली तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडं. तपासात अडथळा येईल असं कारण देऊन बहुतेक वेळा पहिल्यांदा नाकारतात. नाकारल्यावर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करायचं, आणि त्यात विचारायचं की माहिती दिल्यानं तपासाला नेमका कसा अडथळा येतो ते लेखी सांगा. चौकशी संपून अहवाल वर गेला असेल तर ते कारण फार टिकत नाही. अर्जाचा नमुना उद्या टाकते इथंच, आज बाररूमचं वायफाय बंद पडलंय.